चित्रांची दप्तरनोंद

मूळ चित्रांचे स्कॅन करून त्यांचे रीतसर दप्तर लावून देण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असून, या अवधीत चित्रकारांचे वारस, बंद पडलेल्या नियतकालिकांचे मालक, हौशी संग्राहक आणि लहानमोठ्या संग्रहालयांचे व्यवस्थापक अशा नाना प्रकारच्या मंडळींशी माझा संबंध आला. परंतु त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने पहिल्या भेटीत मला जो प्रश्न विचारला तो एकच होता, आणि तो म्हणजे, ‘किती डीपीआयला करायचे?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही मी देत आलो आहे : रंगीत चित्र 600 ला, शाईचे रेखाटन 1200 ला. मात्र एवढ्यावर समाधान मानून जो मनुष्य परत जातो, त्याच्या हाती पडणारे स्कॅन चांगलेच निघेल अशी हमी देण्यास माझे मन कधी धजावले नाही. कारण स्कॅनरच्या पडद्यावर रेझोल्यूशनच्या रकान्याखाली आणखी कितीतरी रकाने असतात, त्यांतील बहुतेकांवर यंत्र बनविणाऱ्याने आगाऊच खुणा करून ठेवलेल्या असतात, आणि चित्राचे बरेवाईट त्या खालच्या रकान्यांत ठरते.

ज्या चित्रांशी माझा विशेष संबंध आला ती बव्हंशी मराठी नियतकालिकांसाठी काढलेली होती. 1909 साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा घालून दिल्यानंतर मुखपृष्ठे, कथाचित्रे, शीर्षकांची अक्षरे आणि जाहिरातींची रेखाटने यांचा केवढा मोठा व्यवहार मराठीत उभा राहिला हे जुने अंक चाळणाऱ्यास सांगावयास नको. 1945 साली ‘दीपावली’ सुरू करणारे दीनानाथ दलाल किंवा त्यांचे समकालीन रघुवीर मुळगावकर यांची कला घरोघरी पोहोचली ती छापील पानावरून. मूळ चित्र फारच थोड्यांच्या दृष्टीस पडले. त्या काळच्या छापखान्याच्या हिशेबी मूळ चित्र हा ब्लॉक करण्यासाठी लागणारा ऐवज होता, आणि ब्लॉक तयार होऊन अंक बाजारात गेला की त्या ऐवजाचे प्रयोजन संपत असे. म्हणून अशी चित्रे आज सापडतात ती माळ्यावरच्या पेट्यांत, जुन्या हिशेबवह्यांच्या गठ्ठ्यात, क्वचित दुसऱ्याच एखाद्या तसबिरीमागे पाठीचा पुठ्ठा म्हणून लावलेली. आणि ती हातात घेतल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, छापील पानावर आपण ज्याला चित्र म्हणून ओळखत होतो त्यापेक्षा कागदावर पुष्कळच अधिक काही आहे : रंगाखालून डोकावणारी पेन्सिल, पोस्टर व्हाइटने झाकून पुन्हा काढलेली हनुवटी, कडेला कुंचला पुसून पाहिल्याचे फराटे. स्कॅन कशाचे करावयाचे, छापल्या गेलेल्या चित्राचे की हाती असलेल्या या कागदाचे, हा निर्णय सर्व सेटिंगांच्या आधी करावा लागतो. माझा कौल प्रथमपासून कागदाच्या बाजूने आहे.

रेझोल्यूशनचा हिशेब मी लोकांना मिलिमीटरमध्ये करून दाखवतो, कारण डीपीआय हा शब्द कानावरून जातो आणि मिलिमीटर डोळ्यांसमोर राहतो. 300 डीपीआयला यंत्राचा एक ठिपका कागदावरची सुमारे 0.085 मिलिमीटर जागा व्यापतो, 600 ला त्याच्या निम्मी. बारीक निबाने ओढलेली केसासारखी रेघ 0.1 मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे 300 ला त्या रेघेच्या वाट्याला जेमतेम एक ठिपका येतो, आणि रेघ जाड होत होत कशी गेली, निब कोठे दाबला गेला, कोठे उचलला, हे काहीच त्यात उतरत नाही. 1200 ला त्याच रेघेच्या रुंदीत चारपाच ठिपके बसतात आणि हाताची गती दिसू लागते. उलटपक्षी, ओल्या कागदावर सोडलेल्या जलरंगात 600 च्या पलीकडे जाऊन हाती लागतो तो बहुतेक कागदाचा पोत, आणि खर्च मात्र सपाट्याने वाढतो. कारण रेझोल्यूशन दुप्पट केले की फाईल चौपट होते. ए-4 आकाराचे चित्र 600 डीपीआयला, 24 बिट रंगांत, सुमारे 104 एमबी जागा घेते, 48 बिटांत 209, आणि तेच 1200 ला नेले तर 800 च्या वर जाते. यंत्राच्या खोक्यावर याहून कितीतरी मोठे आकडे छापलेले असतात. त्यांतील भिंगाची आणि संवेदकाची स्वतःची शक्ती किती आणि मधले ठिपके गणिताने भरून दाखविलेला आकडा किती, याची चौकशी विकत घेण्यापूर्वीच केलेली बरी.

परंतु मी म्हटले त्याप्रमाणे खरा तंटा खालच्या रकान्यांचा. कोकणातल्या एका दिवंगत चित्रकाराच्या घरी गेलो असता त्यांच्या पत्नीने मजपुढे एक जलरंगातले चित्र आणि त्याचे बाजारातून करून आणलेले स्कॅन अशी दोन्ही ठेवली. चित्र खाडीच्या मुखाचे होते. समुद्रावरून पावसाची सर आत येत आहे, पलीकडचा डोंगर नुसता भासमात्र उरला आहे, आणि सबंध कागदावर निखळ पांढरे किंवा निखळ काळे असे कोठेच काही नाही, सगळा करड्याचाच संसार. स्कॅनमध्ये मात्र डोंगर ठसठशीत उभा राहिला होता, आकाश स्वच्छ झाले होते आणि पाणी चकाकत होते. त्या मला एवढेच म्हणाल्या, ‘अहो, ह्यांनी पाऊस काढला होता. ह्यात तो कुठंय?’ त्या बाईंना यंत्राची काडीमात्र माहिती नव्हती, परंतु दोष त्यांनी अचूक दाखविला होता. ऑटो एक्स्पोजर चालू असले की यंत्र चित्रातला सर्वांत उजळ ठिपका शोधून त्याला पांढरा ठरविते, सर्वांत गडद ठिपक्याला काळा ठरविते, आणि मधल्या सर्व छटा त्या दोन टोकांमध्ये ताणून बसविते. कचेरीतले पत्र किंवा लग्नाचा फोटो यांत पांढरे आणि काळे दोन्ही असतातच, तेव्हा तेथे ही युक्ती उपयोगी पडते. धुके, संध्याकाळ, पाऊस, चांदणे, ज्यांचे सारे सौंदर्य दोन्ही टोके टाळण्यात आहे, अशा चित्रांचा तिने घात होतो. मी ती खूण काढून टाकली, काळ्याची सीमा 0 वर व पांढऱ्याची 255 वर हाताने नेऊन ठेवली, गॅमा 2.2 ठेवला, आणि नव्या स्कॅनमध्ये सर परत आली. पडद्यावर ते चित्र प्रथमदर्शनी फिके, उदासवाणे दिसत होते; मूळ कागदही तसाच दिसत होता.

तेव्हापासून कोणत्याही संग्रहाचे काम सुरू करताना मी आधी सर्व आपोआप होणाऱ्या दुरुस्त्या बंद करतो : ऑटो एक्स्पोजर, रंगसुधारणा, फिके रंग पुन्हा चढविण्याची सोय, शार्पनिंग, धूळ काढणे, दाणा कमी करणे, डिस्क्रीन. यांतील प्रत्येक सोय कोणत्या ना कोणत्या कामासाठी योग्यच आहे. डिस्क्रीन हे छापील चित्राचे हाफटोन ठिपके विरघळवण्यासाठी आहे, आणि जुन्या अंकातले पान स्कॅन करताना त्यावाचून मॉयरेची जाळी टळत नाही. परंतु मूळ चित्रात ठिपक्यांची जाळी नसतेच, तेव्हा ते नुसती रेघ बोथट करते. शार्पनिंगने शाईच्या रेघेला दोन्ही बाजूंनी पांढरी किनार येते, आणि जलरंगाचा ओघळ वाळताना त्याच्या कडेला जी नैसर्गिक गडद रेषा बसते ती दुप्पट कठोर होते. सर्वांत अधिक नुकसान धूळ काढणाऱ्या सोयीने होते असे मी मानतो. ज्या चित्रकारांनी छाया साधण्यासाठी निबाच्या टोकाने हजारो ठिपके दिले, किंवा स्प्रेच्या सूक्ष्म कणांनी गालावरची तकाकी उतरवली, त्यांचे ठिपके आणि कण यंत्राच्या लेखी धूळच असतात. स्प्रेने रंगविलेल्या एका जुन्या मुखपृष्ठाची, ती सोय चालू ठेवून आणि बंद ठेवून, अशी दोन्ही स्कॅन मी पडद्यावर शेजारी शेजारी मांडून एका तरुण साहाय्यकास दाखविली : एकात देवीचा चेहरा मेणाचा वाटत होता, दुसऱ्यात खालच्या कागदाचा कण न् कण रंगाच्या फवाऱ्यातून दिसत होता आणि तरीही कांती मऊच होती. काच ब्लोअरने व स्वच्छ कापडाने वारंवार पुसणे हा धुळीवरचा खरा बंदोबस्त.

बिटांचा प्रश्न लोकांना नीरस वाटतो, परंतु जलरंगाच्या बाबतीत तो टाळता येत नाही. 8 बिटांत एकेका रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 16 बिटांत 65,536. पहिला आकडा ऐकताना पुष्कळ वाटतो. परंतु पांढऱ्या कागदावर अगदी पातळ पिवळसर वॉश दिलेला असेल, तर त्या वॉशचा सारा चढउतार 256 पैकी वरच्या पंधरावीस पायऱ्यांत उरकलेला असतो, आणि पुढे कधी छपाईसाठी तो किंचित गडद करावयाची वेळ आली की त्या पंधरावीस पायऱ्या वेगवेगळ्या पट्ट्यांसारख्या उघड्या पडतात. यंत्राचा संवेदक खऱ्या अर्थाने 65 हजार छटा ओळखतो असे नव्हे. त्याच्या स्वतःच्या गोंगाटात तळच्या पायऱ्या बुडून जातात. तरीही मूळ प्रत 16 बिटांत ठेवण्याचा शिरस्ता मी पाळतो, आणि हिस्टोग्राम पाहून कोऱ्या कागदाचे मूल्य 240 ते 245 च्या पुढे जाऊ देत नाही; कारण कागद 255 ला टेकला की त्याचा पोत गेला, आणि त्याच्यालगतचा पहिला पातळ हातही गेला.

रेखाटनांच्या बाबतीत मला सर्वांत मोलाची शिकवण मिळाली ती एका वृद्ध ब्लॉकमेकरकडून. जुन्या कथाचित्रांच्या कडेला व अनेकदा चित्रातही फिक्या निळ्या पेन्सिलीने मापे, खुणा आणि संपादकांच्या सूचना लिहिलेल्या असतात, आणि त्या निळ्यातच का असतात हे मी त्यांना विचारले. त्यांनी सांगितले की, ब्लॉकच्या कॅमेऱ्यातली फिल्म निळ्याला पांढऱ्यासारखीच मानीत असे, सबब निळ्याने काहीही लिहिले तरी झिंकवर ते उतरत नसे. ही माहिती मला स्कॅनरच्या एका रकान्याची किल्ली होऊन बसली. रेखाटन रंगीत स्कॅन केले की त्याचे लाल, हिरवा व निळा असे तीन थर सुटे पाहता येतात. निळ्या थरात ती पेन्सिल जवळजवळ नाहीशी होते, म्हणजे जुन्या फिल्मने जे पाहिले असते तेच आपण पाहतो. लाल थरात तीच पेन्सिल सर्वांत गडद उमटते, आणि पुसट झालेल्या सूचना वाचावयाच्या असतील तर तो थर कामी येतो. शिवाय काळाने पिवळा पडलेला कागद लाल थरात उजळतो व निळ्या थरात काळवंडतो. म्हणून डाग पडलेल्या कागदावरची काळी रेघ स्वच्छ मिळवावयाची तर लाल थर घ्यावा. हे सर्व शक्य होते ते मूळ स्कॅन रंगीत केले असेल तरच. ‘काळ्या शाईचे आहे, मग ब्लॅक अँड व्हाइट करा’ असे सांगणाऱ्यांचा आग्रह मी मोडून काढतो, तो याच कारणास्तव. एका बिटाच्या काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये यंत्र प्रत्येक ठिपक्याचा निकाल तेथल्या तेथे लावून मोकळे होते आणि त्या निकालावर पुढे अपील नाही. पातळ शाईची करडी रेघ, पोस्टर व्हाइटखाली दडलेली पहिली रेघ, पेन्सिल, सगळे एका फटक्यात खारीज.

माझ्या कामाच्या पद्धतीला कायमचे वळण लागले ते एका कुटुंबातल्या मतभेदामुळे. वडिलांच्या चित्रांचे पुस्तक काढावयाचे होते; थोरल्या भावाचे म्हणणे असे की, कागद पिवळे पडले आहेत ते पांढरे करून द्या, वडिलांनी काही पिवळ्या कागदावर चित्रे काढली नव्हती. धाकट्या बहिणीचे म्हणणे असे की, चित्र आज जसे आहे तसे ठेवा. कागद पांढरा करू गेलात तर अंगावरचा फिका रंगही धुतला जाईल. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि दोघांच्याही पोटात वडिलांविषयीचे प्रेम होते हे मला स्पष्ट दिसत होते. मी तडजोड म्हणून दोन फाईली द्यावयाचे ठरविले, आणि मग ध्यानात आले की ही तडजोड नसून हीच योग्य व्यवस्था आहे. एक ती अस्सलबरहुकूम नक्कल : टिफमध्ये, 16 बिटांत, कडेला मोजपट्टी व राखाडी पट्टीसह, चारी कडा दिसतील अशी, आणि जिला पुढे कोणीही हात लावावयाचा नाही. दुसरी ती वापराची प्रत : पहिलीवरून काढलेली, हवी तेवढी उजळलेली, सरळ केलेली, छापावयास किंवा पाठवावयास सोयीची. पहिलीत काय करावे हे चित्र सांगते, दुसरीत काय करावे हे काम सांगते. ही वाटणी झाल्यावर स्कॅनरपुढे बसून होणारे निम्मे वाद मिटले, कारण सुंदर दिसण्याचा बोजा मूळ प्रतीवरून उतरला.

त्या मूळ प्रतीचे मोल ऑगस्ट 2019 मध्ये मला फार निराळ्या तऱ्हेने कळून आले. कृष्णेचा पूर सांगलीत शिरला तेव्हा तेथील एका घरातला चित्रसंग्रह तळमजल्यावरच्या कपाटात होता, आणि पोस्टर कलर हा पाण्यात मिसळून वापरावयाचा रंग असल्यामुळे पाणी उतरल्यावर कागदांवर फारसे काही उरले नाही. त्या संग्रहापैकी काही चित्रांचे स्कॅन आम्ही पूर्वी करून दिले होते व त्यांची एक प्रत पुण्यात होती. उरलेल्यांचे स्कॅन फार वर्षांपूर्वी घरातल्याच कोणी तरी मोठ्या हौसेने केलेले, 200 डीपीआयला, जेपेगमध्ये, सर्व दुरुस्त्या चालू असताना. दोन्ही गटांतली स्कॅन आता मूळ चित्रांच्या जागी आली होती. आमच्या प्रतींवरून मूळ आकाराचे ठसे काढता आले, आणि एका चित्रात नऊवारीच्या लाल पदराखाली चित्रकाराने हात आधी कोठे योजला होता ती पेन्सिलही वाचता आली. दुसऱ्या गटातल्या तशाच एका चित्रात पदर म्हणजे लालाचा एक गोळा राहिला होता. चुण्या नाहीत, काठ नाही. जेपेग रंगांचा तपशील उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवितो, आणि गडद लालात ती काटकसर सर्वांत अधिक जाणवते. ज्याने ते स्कॅन केले त्याला बोल लावण्याचे काहीच कारण नाही. त्याने केले नसते तर तो गोळाही आज उरला नसता. परंतु तेव्हापासून ‘एवढी मोठी फाईल कशाला?’ असे कोणी विचारले की मी त्यांना तो पदर दाखवितो.

यंत्राविषयी थोडके. बाजारात स्वस्त व सडपातळ स्कॅनर मिळतात ते सीआयएस जातीचे; त्यांचा संवेदक काचेला चिकटलेल्या वस्तूपुरतेच स्पष्ट पाहतो, आणि कागद जरासा फुगलेला किंवा पुठ्ठ्यावर डकवलेला असला की तेवढा भाग धूसर होतो. सीसीडी जातीचे यंत्र जड असते, महाग असते, परंतु काचेपासून काही मिलिमीटर वरचेही त्याला दिसते. जुने माउंट, वाकलेले कोपरे आणि कोकणातली हवा लक्षात घेता मूळ चित्रांसाठी दुसरे घेऊ नये. पावसाळ्यात कागद ओल धरतो, म्हणून शक्यतो दिवाळीनंतर काम काढावे. कागद पातळ असून पाठीमागेही काही काढलेले असेल तर झाकणाच्या पांढऱ्या अस्तरामुळे ते पुढे उमटते. वर काळा कागद ठेवला की दिसेनासे होते. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने उजेड टाकतो, त्यामुळे खरखरीत कागदाच्या प्रत्येक दाण्याला सावली पडते. ती नको असल्यास चित्र 180 अंशांत फिरवून दुसरे स्कॅन घ्यावे आणि दोन्हींची सरासरी काढावी. मात्र काचेहून मोठे चित्र तुकड्यातुकड्यांनी घ्यावयाचे असेल तेव्हा ते मुळीच फिरवू नये, कारण सावल्यांची दिशा बदलली की जोड उघडा पडतो. दोन तुकड्यांत चौथाई भाग सामाईक ठेवावा आणि सर्व तुकड्यांचे एक्स्पोजर तंतोतंत एकच ठेवावे.

काही चित्रांना काच मानवतच नाही, आणि त्यांना नकार देणे हाही या कामाचा भाग आहे. पेस्टल, कोळसा, किंवा ज्याचा रंग बोटाला लागतो असे कोणतेही चित्र मी पालथे घालू देत नाही. सोन्याचा वर्ख किंवा सोनेरी रंग असलेली लघुचित्रे यंत्रात घातली तर सोने तपकिरी, कधी काळेच होऊन येते. त्यासाठी कॅमेरा व दोन बाजूंनी 45 अंशांत दिवे, आणि सोने चमकविण्यापुरता एक वेगळा तिरपा उजेड, एवढी तजवीज करावी लागते. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर कलावंतांच्या चित्रकथीची जुनी पाने पाहिली तेव्हाही मी काच बाजूस ठेवली होती. ही पाने सुटी असतात व कथा सांगताना एकामागून एक उचलून दाखवावयाची असतात. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी त्यांचे कोपरे मळले आहेत, आणि ते कोपरे म्हणजे त्या पानांच्या वापराचा दाखला आहे. आपोआप कडा कापणारी सोय नेमकी तेवढीच जागा छाटून टाकते.

रंगांविषयी लोक फार घाबरतात, वास्तविक तेथे शिस्तीखेरीज अधिक काही लागत नाही. आयटी-8 नावाची रंगपट्टी स्कॅन करून यंत्राचे प्रोफाइल एकदा तयार केले, दिवा जुना झाल्यावर पुन्हा केले, आणि फाईलला ते जोडून अ‍ॅडोबी आरजीबीसारख्या विस्तृत रंगक्षेत्रात मूळ प्रत ठेवली, म्हणजे बहुतेक काम झाले. एसआरजीबी वापराच्या प्रतीला पुरेसे आहे. ती पट्टी उजेडात उघडी पडू देऊ नये, कारण तिचेही रंग उडतात. इतके करूनही काही निळे जांभळट येतात व फ्लोरोसंट गुलाबी मातकट येतो. अशा वेळी चित्र दिवसाउजेडी शेजारी ठेवून डोळ्यांना जे दिसते ते शब्दांत नोंदवावे, आणि दुरुस्ती वापराच्या प्रतीत करावी.

त्या नोंदीविषयीच अखेरचे सांगावयाचे आहे. प्रत्येक चित्राच्या फेरिस्तीत मी आकार, माध्यम, कागद, यंत्र, रेझोल्यूशन, बिट, प्रोफाइल आणि तारीख एवढे रकाने ठेवतो, आणि त्यांच्याबरोबर चित्राच्या पाठीमागच्या बाजूचेही स्कॅन करतो, मग ती कितीही मळकी असो. तेथे कथेचे नाव असते, अंकाचा महिना असतो, ब्लॉक किती इंच रुंद करावा याचा हुकूम असतो, मानधन पोहोचल्याचा शेरा असतो, कधी रद्द केलेले दुसरेच रेखाटन असते. ज्यांच्या चित्रांवर सही नाही अशा कितीतरी कलावंतांचा पत्ता मला पाठीवरच्या त्या मजकुरावरूनच लागला आहे. सध्या हाती असलेल्या संग्रहातही पुढच्या बाजू संपल्या असून मागच्या चालू आहेत : 400 डीपीआय, रंगीत, 8 बिट, वर काळा कागद, आणि फाईलच्या नावात पुढच्या बाजूचाच क्रमांक घालून शेवटी ‘मागील’ असा शब्द.